कार्पेटच्या कडेची पट्टी



आपल्याकडे फरशी आणि भिंत जिथे मिळतात तिथे गवंडी फरशीचीच तीन-चार इंचांची पट्टी लावतो. तिला स्कर्टिंग म्हणतात. आपण रोज फरशी पुसतो, सणावाराला बादलीने पाणी ओतून धुतो. ते पाणी गिलाव्यात चढू नये, भिंतीला ओल येऊ नये म्हणून ही पट्टी. सांगलीत आमचं घर बांधलं तेव्हा तिचा रंग फरशीला जुळतो की नाही, एवढंच मी बघितलं होतं. न्यू जर्सीत मुलाकडे पाच महिने राहिले तेव्हा कळलं की ह्या पट्टीवर एक अख्खा लेख होऊ शकतो, आणि त्यातला निम्मा धर्माचा असेल.

तिथे तिला बेसबोर्ड म्हणतात आणि ती लाकडाची असते. तिथलं घरच मुळात लाकडाचं. भिंतीत लाकडाचे उभे खांब असतात, बहुतेक घरांत 16-16 इंचांवर, त्यांना स्टड म्हणतात. त्यांवर ड्रायवॉलचे तक्ते ठोकलेले. ड्रायवॉल म्हणजे दोन्ही बाजूंनी कागद लावलेला जिप्समचा तक्ता, साधारण अर्ध्या इंच जाडीचा. हा तक्ता जमिनीला टेकवत नाहीत. टेकवला तर खालची ओल शोषून घेतो. म्हणून अर्धा इंच वर ठेवतात आणि ती मोकळी फट दिसू नये म्हणून वरून बेसबोर्ड लावतात. म्हणजे ही पट्टी फट झाकते, बंद करत नाही. माझं सगळं म्हणणं ह्या एका वाक्यात आहे.

झोपायच्या खोल्यांत कार्पेट असेल तर आणखी एक भानगड. कार्पेट जमिनीला चिकटवलेलं नसतं, ताणून बसवलेलं असतं. भिंतीच्या कडेने लाकडाची बारीक पट्टी ठोकतात, तिच्यावर वर आलेल्या टोकदार खिळ्यांच्या रांगा असतात. कार्पेट ताणून त्या खिळ्यांत अडकवतात आणि उरलेली कड खिळ्यांची पट्टी आणि भिंत ह्यांच्यामधल्या बारीक खाचेत, बेसबोर्डच्या खाली, दाबून टाकतात. म्हणजे भिंतीची फट, त्याखाली खाच, त्यावर कार्पेटची कड. केस, कणीक, बिस्किटाचा चुरा, सगळं तिथे जाऊन बसतं. व्हॅक्यूमचं तोंड तिथवर पोचत नाही. आणि जिथे अन्न, अंधार आणि निवारा एकत्र आला तिथे जीव येणारच.

काही घरांत फिक्या रंगाच्या कार्पेटला भिंतीच्या कडेने एक काळपट रेघ दिसते. मला वाटलं, नीट झाडत नसतील. तसं नाही. भिंतीच्या फटीतून हवा ये-जा करते आणि कार्पेटची कड त्या हवेला गाळणीसारखी गाळते. धूर, काजळी, बारीक धूळ तिथेच अडकते. ती रेघ घासून जात नाही, कारण फट उघडीच असते. मुलाच्या घरी उत्तरेकडच्या खोलीत अशीच रेघ होती.

आता खरा मुद्दा. मुलाच्या घरी दर तीन महिन्यांनी औषध फवारणारा माणूस यायचा. वर्षाचा करार. घराबाहेरून पायाच्या कडेने फवारायचा आणि आत प्रत्येक खोलीत बेसबोर्डच्या खालच्या कडेने. मी एप्रिलमध्ये पोचले आणि आठवड्याभरात तो आला. वास जाईपर्यंत आम्ही सगळे मागच्या अंगणात बसलो. नात नऊ महिन्यांची, नुकती रांगायला लागलेली.

सूनबाई बेळगावच्या. लहानपणी पाठशाळेत गेलेल्या, भक्तामर पाठ. मी विषय काढला तेव्हा त्या म्हणाल्या, "आई, हिंसेचे चार प्रकार तुम्हीच सांगता ना? संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. घरात रांगतं मूल असताना किडे मारले तर ती विरोधी हिंसा होत नाही का? स्वतःच्या रक्षणासाठी?"

प्रश्न बरोबर होता. मी लगेच उत्तर दिलं नाही. सासूने लगेच उत्तर दिलं की तो वाद होतो. दोन दिवसांनी भाजी निवडताना म्हटलं, विरोधी हिंसा तेव्हा, जेव्हा समोरचा आपल्यावर चालून येतो. ह्या घरात निघते ती कसर. चंदेरी, लांबट, पुस्तकांत असते तीच. ती चावत नाही. कागद, खळ, पिठूळ काहीतरी खाते आणि ओल शोधत फिरते. दुसरा कार्पेटचा भुंगेरा. त्याची केसाळ अळी लोकर, केस, मेलेले किडे खाते. तीही चावत नाही, फार तर तिच्या केसांनी कुणाला पुरळ येतं. ह्यांच्यातलं कुणीच आपल्यावर चालून आलेलं नाही. ते आहेत त्या जागी आपण ठरवून, करार करून, तारीख लावून औषध मारतो, ती संकल्पीच म्हणायची. आणि श्रावकाने त्रस जीवांची संकल्पी हिंसा तरी सोडावी, एवढं तर आपल्याला अणुव्रतात सांगितलेलं आहे. घर झाडणं, दुरुस्त करणं ही आरंभी. ती गृहस्थाला सुटत नाही, ती जपून करायची.

ह्यावर त्या म्हणाल्या, "मग करायचं काय? नुसतं बोलून किडे जाणार नाहीत." हेही बरोबर. मात्र एका गोष्टीवर आमचं तिथेच एकमत झालं. ज्या कडेला फवारतात त्याच कडेने नात रांगते आणि तीच बोटं तोंडात घालते. धर्म बाजूला ठेवला तरी हे दोघींनाही नको होतं.

मे महिन्यात बाथरूममधला बेसिनखालचा पाइप गळला आणि उत्तरेकडच्या खोलीची सामाईक भिंत खालून भिजली. तिथला बेसबोर्ड एमडीएफचा होता. म्हणजे लाकडाचे बारीक तंतू आणि डिंक दाबून केलेला. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा फुगला. मुलगा म्हणाला, एवढा तुकडा बदलतो. मी म्हटलं, बदलायचाच आहे तर खोलीचे चारही बाजूंचे काढ आणि मागची फट कायमची बंद कर. सूनबाईंनीही होकार दिला. शिवाय चातुर्मास लागायच्या आत हे काम व्हायला हवं होतं. तिथे आपल्यासारखा पावसाळा नसला तरी उन्हाळ्यातच किडामुंगी सगळ्यात जास्त.

मी बी.कॉम. आहे. सुतारकाम येत नाही, पण हिशेब येतो. खोली 12 फूट बाय 13 फूट, म्हणजे परिघ 50. त्यातून दार आणि त्याची चौकट 3 फूट वजा, भिंतीतल्या कपाटाचं तोंड चौकटीसकट 6 फूट वजा. उरले 41. कापण्यात जातं म्हणून दहा टक्के वर धरायचे, म्हणजे 45. मुलाने ठरवलं होतं की 8 फुटी सहा पट्ट्या आणायच्या, कारण त्या गाडीत मावतात. 48 फूट, हिशेबात बसतं. पण मी भिंतीवार यादी केली. एक भिंत 13, एक 12, कपाटाच्या दोन बाजूंना साडेतीन-साडेतीन, दाराच्या एका बाजूला साडेआठ आणि दुसऱ्या बाजूला अर्धा फूट. 8 फुटी पट्ट्या घेतल्या तर तीन भिंतींवर मधेच सांधा येतो. 16 फुटी तीन पट्ट्या घेतल्या तर पहिलीतून 13, दुसरीतून 12 आणि साडेतीन, तिसरीतून साडेआठ, साडेतीन आणि अर्धा. तेवढेच 48 फूट, आणि भिंतीच्या मधे एकही सांधा नाही. सांधा म्हणजे पुढेमागे उघडणारी फट, आणि आपण तर फट मिटवायला निघालोय. मुलाने मित्राची पिकअप आणली. आमच्या ह्यांनी कौतुकाने माझ्याकडे बघितलं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

भिजलेल्या भिंतीसाठी लाकूडच घ्यायचं ठरलं, पाइनचं. खरं तर सगळ्या खोलीलाच. एमडीएफ स्वस्त असतं, सरळ असतं, पण पाणी लागलं की संपलं. आणि ते कापताना इतका बारीक भुसा उडतो की तोंडाला मास्क लागतोच.

जुनी पट्टी काढायची म्हणजे आधी तिच्या वरच्या कडेला धारदार चाकूने रेघ मारायची. वर्षानुवर्षांच्या रंगाने ती भिंतीला चिकटलेली असते. रेघ न मारता ओढली तर ड्रायवॉलचा कागद सालीसारखा सोलून येतो. मग चपटी पहार आत सरकवायची आणि तिच्या मागे लाकडाचा एक तुकडा ठेवायचा, म्हणजे भिंतीला खड्डा पडत नाही. मैत्रिणींनो, तुमच्या मुलांचं घर 1978 च्या आधीचं असेल तर हे काम सुरू करण्यापूर्वी रंगाची तपासणी करून घ्या. त्या वर्षी तिथे घरगुती रंगांतलं शिसं बंद झालं. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि खरवडताना त्याची धूळ लहान मुलांना फार वाईट. मुलाचं घर नंतरचं होतं.

पट्टी निघाली आणि मागे जे होतं ते बघून सूनबाई गप्प झाल्या. तांदळाचे दाणे, केसांची गुंतवळ, एक कानातल्याची फिरकी, मेलेले किडे. त्यांची राखाडी पूड झाली होती. इतकी वर्षं फवारलेलं औषध कुठे गेलं, ते तिथे दिसत होतं. आणि त्यातच जिवंत कसरही होती, पाच-सहा तरी.

मुलगा व्हॅक्यूम घेऊन आला. मी त्याला थांबवलं. आपण पाणी गाळतो तेव्हा गाळणं उलटं करून जीव परत त्याच पाण्यात सोडतो, विहिरीचे विहिरीत. तोच नियम इथे. मऊ ब्रशने, दाब न देता, जिवंत होतं तेवढं एकेक करून पुठ्ठ्यावर घेतलं. अंगणात रात्री अजून गार होतं, म्हणून गॅरेजच्या कोपऱ्यात जुन्या खोक्यांजवळ सोडलं. अंधारं, त्यांना चालेल असं. मग व्हॅक्यूम. मुलगा हसून म्हणाला, "आई, ती परत येतील." मी म्हटलं, येऊ देत, आत यायला वाट ठेवू नकोस म्हणजे झालं.

ओल्या भिंतीकडची कार्पेटची कड मुलाने खिळ्यांवरून हळूच सोडवली. ते खिळे भिंतीच्या दिशेने कललेले असतात आणि हाताला सहज लागतात, म्हणून जाड हातमोजे. खालचा फोम ओला होता. दोन दिवस दोन पंखे लावून वाळवला. ओला फोम तसाच झाकला असता तर बुरशी धरली असती, आणि बुरशीत अनंत जीव हे आपण लहानपणापासून ऐकतो. घाई केली नाही हे बरं झालं.

मग फट. ड्रायवॉलच्या खालच्या अर्ध्या इंचात आधी दोरीसारखा फोम दाबला आणि वरून कॉकिंग भरलं. हे मलमासारखं असतं, बंदुकीसारख्या साधनातून दाबून बाहेर काढायचं आणि ओल्या बोटाने सारखं करायचं. भिंतीच्या तळाचं आडवं लाकूड जमिनीच्या प्लायवूडवर जिथे बसतं ती बारीक रेघही भरून घेतली. हे काम मी केलं. जमिनीवर बसून, दोन तास. केकवर क्रीमची नक्षी काढलेली असेल तर हात लवकर बसतो. बहुतेक कारागीर हे करत नाहीत, कारण पट्टी लागली की कुणाला दिसत नाही.

पट्टी किती उंचीवर लावायची, ह्यावर कार्पेटच्या खोलीत सगळं अवलंबून. नुसत्या लाकडी जमिनीवर ती जमिनीला टेकवतात. इथे टेकवली तर कार्पेटची कड दाबायला जागाच राहत नाही, ती वर दुमडून राहते आणि तिचे धागे सुटतात. फार वर लावली तर खाली बोळ राहतो आणि कचरा पुन्हा आत. प्लायवूडपासून साधारण अर्धा इंच वर हे माप. मुलाने अर्ध्या इंचाचे लाकडाचे तुकडे खाली ठेवले, त्यांवर पट्टी टेकवली, ठोकली, मग तुकडे काढून घेतले. जिथे कार्पेट हलवलं नव्हतं तिथे पट्टी कार्पेटवर अलगद टेकवली, दाबून नाही. फार दाबली तर उद्या कार्पेट बदलताना कड निघत नाही. शेवटी रुंद, बोथट पटाशीने कड खाली सारली. पट्टी आणि कार्पेट ह्यांच्या मधे मात्र काहीही भरायचं नाही. कार्पेट पुन्हा उचलता आलं पाहिजे.

खिळे स्टडमध्येच बसायला हवेत, नुसत्या ड्रायवॉलमध्ये मारले तर धरत नाहीत. स्टड शोधायचं यंत्र मिळतं, मुलाकडे होतंही. आमचे हे मात्र नारळ वाजवून घेतात तसे भिंत वाजवत पुढे गेले, पोकळ आवाज, पोकळ आवाज, मग भरीव, आणि पेन्सिलीने खूण. यंत्राने नंतर सगळ्या खुणा बरोबर ठरवल्या. दिवसभर ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

सगळ्यात वेळ गेला तो कोपऱ्यांत. बाहेरच्या कोपऱ्याला दोन्ही पट्ट्या 45 अंशांत कापून जुळवतात.  आतल्या कोपऱ्यात तसं केलं तर पुढे लाकूड आकसलं की मधे काळी रेघ उघडते. शिवाय खोलीचे कोपरे काटकोनात असतातच असं नाही. गुण्या लावून बघितला तर एक कोपरा चांगलाच फाकलेला. म्हणून पहिली पट्टी सरळ कोपऱ्यापर्यंत न्यायची आणि दुसरीचं टोक पहिलीच्या नक्षीच्या आकारात बारीक करवतीने कोरायचं, म्हणजे ती पहिलीवर चपखल बसते. मुलाने आधी उरलेल्या तुकड्यांवर चार वेळा कोरून बघितलं, मग खऱ्या पट्टीला हात लावला. संगणकावर काम करणारा मुलगा, कानावर पेन्सिल ठेवून, जीभ दातात धरून लाकूड कोरत होता. त्याचे आजोबा असे दिसायचे.

रंग आधीच, गॅरेजमध्ये दिला. दोन हात. मागच्या बाजूला आणि कापलेल्या टोकांनाही, कारण ओल तिथूनच शिरते. ब्रश घेताना दुकानात सूनबाईंनी मला विचारलं, तेव्हा मी वेष्टन वाचलं. नैसर्गिक केसांचे म्हणून जे ब्रश मिळतात ते बहुधा डुकराच्या केसांचे. ते नकोच. आणि गंमत बघा, पाण्याच्या रंगाला ते चालतही नाहीत, पाणी पिऊन मऊ पडतात. नायलॉन-पॉलिस्टरचेच वापरायला सांगतात. रंगकाम सकाळी केलं. गॅरेजचं दार उघडं ठेवून रात्री दिव्याखाली रंग दिला तर पाखरं येऊन ओल्या रंगात चिकटतात. दिवस मोठे होते, सहाला ऊन असायचं. सामायिक झालं की कामाला लागायचो.

ठोकून झाल्यावर खिळ्यांच्या भोकांत लांबी भरली, वाळल्यावर पॉलिश पेपर मारला, वरच्या कडेला कॉकिंगची बारीक रेघ ओढली, एक हात रंगाचा. कार्पेटला डाग पडू नये म्हणून रुंद पत्रा कडेत खोचून पुढे सरकवत न्यायचा, आणि दर वेळी तो पुसायचा.

ऑगस्टमध्ये कराराचं वर्ष संपलं. सूनबाईंनी फोनवर सांगितलं की आतली फवारणी नको, बाहेरची चालू ठेवा. बाहेरचीही थांबावी असं मला वाटतं, आणि तसं मी एकदा बोलले. त्या म्हणाल्या, "आई, एक हिवाळा जाऊ दे. आत काही निघालं नाही तर बघू." घर त्यांचं, मूल त्यांचं. मी पुन्हा बोलले नाही.

मी सप्टेंबरमध्ये परत आले तोवर त्या खोलीत कसर दिसली नव्हती. नातीच्या खोलीचं काम थंडीत करायचं ठरलंय. तिची मापं माझ्या वहीत आहेत. 11 बाय 12, दोन दारं, आणि खिडकीखाली हीटर असल्याने तिथे पट्टीला खाच द्यावी लागेल. 16 फुटी तीन पट्ट्यांत बसवायचा प्रयत्न करतेय, दीड फूट कमी पडतंय. उत्तरेकडच्या खोलीतला उरलेला साडेतीन फुटांचा तुकडा टाकू नको, असं मुलाला कळवलंय.